टेकडी पुण्यात, ग्रुप चार देशांत: एका ऑनलाइन सेमिनारचं प्रकरण

लोकसहभागातून लँडस्केप प्लॅनिंग कसं करायचं हे ऑनलाइन शिकवायचं, आणि तेही एकेक विद्यार्थी एकेका देशात बसलेला असताना, हे ऐकल्यावर आमच्या कॉलेजात बऱ्याच जणांनी नाक मुरडलं होतं. त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. ज्या विषयात मुळात जागेवर जा, लोकांशी बोल, परत जा, एवढंच शिकवायचं असतं तो विषय लॅपटॉपसमोर बसून काय डोंबल शिकणार? स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत होते, आणि त्यांचा आग्रह हाच की शहरावर काही उपाय सुचवायच्या आधी ते पायी फिरून बघा, डॉक्टर रोगी तपासतो तसं. शंभर वर्षं आपण हेच ऐकत आलोय. मग झूमवर कसला सहभाग?

म्हणून एका ग्रुपचं काय झालं ते नीट सांगते. मी पुण्यात लँडस्केप शिकवते आणि या सेमिनारला आमच्याकडून लोकल मेंटर होते. सेमिनार युरोपातल्या काही विद्यापीठांनी मिळून चालवलेला, २०२४ च्या उन्हाळी सत्रातला. नावं घेत नाही, कारण पुढे काही गोष्टी कौतुकाच्या नाहीयेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपात या सगळ्याला एक कायदेशीर पाया आहे, युरोपियन लँडस्केप कन्व्हेन्शन, २० ऑक्टोबर २००० ला फ्लॉरेन्समध्ये सह्या झाल्या, २००४ पासून लागू. त्यात लँडस्केपची व्याख्याच अशी केलीय की लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश. म्हणजे नुसते डोंगर-नद्या नाहीत, बघणारा माणूस व्याख्येतच आला. आणि एकदा तो आला की त्याला विचारल्याशिवाय प्लॅन करताच येत नाही, निदान कागदावर तरी. सहाव्या कलमात शिक्षणाचाही उल्लेख आहे. ते शिक्षण कसं द्यायचं यावर २०१५ ते २०१८ मध्ये इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या शिक्षण-योजनेच्या पैशातून लँडस्केप एज्युकेशन फॉर डेमॉक्रसी नावाचा प्रकल्प झाला, त्यात नॉर्वे, जर्मनी, इटली, हंगेरीमधली विद्यापीठं आणि ल नोत्र इन्स्टिट्यूट ही लँडस्केप शिकवणाऱ्यांची युरोपियन संस्था. (गंमत म्हणजे जर्मनीने त्या कन्व्हेन्शनवर सहीच केलेली नाही, पण शिकवण्यात त्यांची विद्यापीठं पुढे.) त्यांनी ऑनलाइन सेमिनारची एक घडी बसवली, वेगवेगळ्या देशांतल्या मुलांचे छोटे ग्रुप, वाचन, आपल्या ओळखीच्या जागेतला एखादा प्रश्न निवडून त्यावर काम, सगळं विकीवर उघडं, आणि शेवटी ज्यांना जमेल त्यांच्यासाठी प्रत्यक्ष कार्यशाळा. त्यातली एक कार्यशाळा इटलीत बेर्गामोजवळच्या झिंगोनियात झाली. एका बिल्डरने साठच्या दशकात आखलेलं, पाच नगरपालिकांमध्ये विभागलेलं, पुढे स्थलांतरितांचं म्हणून बदनाम झालेलं गाव, जिथले बदनाम टॉवर २०१९ मध्ये पाडले. आमचा सेमिनार याच घडीवर बेतलेला होता.

आमच्या ग्रुपमध्ये चार जण. पुण्याची आमची एक मुलगी, नॉर्वेचा एक मुलगा, बुडापेस्टचा एक आणि कैरोची एक मुलगी. वर्ग मध्य युरोपच्या वेळेने दुपारी चार ते साडेपाच, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. ३१ मार्चला युरोपची घड्याळं पुढे सरकली आणि वर्ग आपल्याकडे साडेसातला आला, त्यानंतरच्या पहिल्या वर्गाला भारतातली निम्मी मुलं तासभर उशिरा उगवली. हे हसण्यावारी गेलं. पण त्याआधीचे आठवडे कैरोची मुलगी दर वर्गाला मधेच कॅमेरा बंद करून गायब व्हायची, आणि एका युरोपियन मेंटरने तिच्या नावापुढे सहभाग कमी असा शेरा टाकून ठेवला होता. रमझान चालू होता. कैरोत तेव्हा इफ्तार सहा वाजून पाच-सात मिनिटांनी आणि आमचा वर्ग तिच्या घड्याळाने पाच ते साडेसहा. दिवसभराचा उपास सोडायला मुलगी उठणार नाही तर काय करणार! तिने कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. लोकसहभागाचा कोर्स, आणि त्याचं टाइमटेबल ज्यांनी ठरवलं त्यांनी ज्यांना बसायचंय त्यांना विचारलेलं नाही. बुडापेस्टच्या पोराने हे ग्रुपच्या चॅटवर स्वच्छ लिहिलं, वर शेरी अर्नस्टीनच्या शिडीचं चित्र चिकटवलं आणि खालच्या पायरीवर बाण काढून आमच्या सेमिनारचं नाव टाकलं. अर्नस्टीनची ती १९६९ ची आठ पायऱ्यांची शिडी या क्षेत्रात सगळेच शिकवतात, खाली लोकांना गुंडाळणं, मधे नुसती माहिती देणं, मत विचारणं, आणि वर खरी सत्ता लोकांच्या हातात. दरवर्षी मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. या ग्रुपला ती विसरायची संधी मिळाली नाही. पुढच्या वर्गापासून कैरोच्या घड्याळाने सहाला पंधरा मिनिटांची सुट्टी ठेवली, शेरा खोडला.

दुसरी गोष्ट बोलण्याची. पहिल्या दोन वर्गांत नॉर्वेचा आणि बुडापेस्टचाच मुलगा बोलत होता. आमच्या मुलीचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा वाईट नव्हतं, पण तिला प्रोफेसरना नुसत्या नावाने हाक मारणं जमेना, आणि सर-मॅडम लावलं की तिकडचे हसायचे, मग ती बोलायचंच टाळायची. यावर एका सहकाऱ्याने साधा उपाय केला, चर्चेच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून मिरोच्या, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येईल अशा ऑनलाइन फळ्याच्या, बोर्डवर चिठ्ठ्या लिहायच्या, नाव न टाकता. त्या दिवशी बोर्डवर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात बोचरे मुद्दे आमच्या मुलीचे निघाले, मला तिची लिहायची पद्धत माहिती होती म्हणून कळलं. गावात पीआरए, म्हणजे गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्याच नजरेतून गावाची पाहणी, करताना बायका सभेत बोलत नाहीत पण जमिनीवर रांगोळीने नकाशा काढायला बसवलं की त्यांच्या हातातून अख्खं गाव उतरतं, हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगतो, तेच इथे मिरोवर झालं.

आता विषय. प्रत्येकाने आपली एक जागा मांडायची आणि ग्रुपने त्यातली एक निवडायची होती. निवडली गेली पुण्याची वेताळ टेकडी, कारण तिथे भांडण ताजं होतं. ज्यांना पुणं माहीत नाही त्यांच्यासाठी, शहराच्या मधोमध असलेली ही टेकडी, एका बाजूला कोथरूड-पौड रोड, दुसऱ्या बाजूला सेनापती बापट रस्ता आणि गोखलेनगर, माथ्यावर वेताळाचं देऊळ, जुन्या खाणीत साठलेलं पाणी, वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारे लोक. बालभारती ते पौड फाटा असा साधारण दोन किलोमीटरचा रस्ता टेकडीच्या अंगावरून काढायचा आणि शिवाय बोगदे, असा महापालिकेचा प्रस्ताव बरीच वर्षं घोळतोय, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरोधात लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. आमची मुलगीही त्यात होती.

इथे ऑनलाइनची खरी अडचण सुरू झाली. टेकडी बघितलेली एकटी तीच. बाकी तिघांचे डोळे म्हणजे ती. तिने जे फोटो टाकले, जे व्हिडिओ काढले, ज्यांची नावं घेतली तेवढीच त्यांची टेकडी. आणि तिने स्टेकहोल्डर मॅप, म्हणजे या प्रश्नाशी कोणाकोणाचा संबंध आहे याचा तक्ता, केला तो एकदम गुळगुळीत, महापालिका, वनखातं, पर्यावरणवाले, मॉर्निंग वॉकवाले, पक्षी बघणारे, आणि पलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलेले गाडीवाले. युरोपियन मेंटर खूश, छान काम म्हणाले.

कैरोची मुलगी गप्प होती. मग तिने स्क्रीन शेअर करून सॅटेलाइट फोटो उघडला, झूम करत करत टेकडीच्या पायथ्याशी नेला, एकाला एक चिकटलेल्या पत्र्यांच्या छपरांवर, आणि विचारलं की इथे कोण राहतं? बास, एवढंच. ती ज्या शहरातून आलीय तिथे अशा वस्त्या म्हणजे नेहमीचं दृश्य, तिची नजर आधी तिकडेच गेली. आमच्या मुलीला उत्तर देता आलं नाही असं नाही, केळेवाडी, जनवाडी, वडारवाडी ही नावं पुण्यात कोणाला माहीत नाहीत? पण तिच्या नकाशात ती नव्हती. तिथून जाऊनच तर टेकडी चढतात लोक! पुण्यातल्या पुण्यात हा वर्ग घेतला असता तर हा प्रश्न आलाच नसता असं मला वाटतं, कारण वर्गातली बहुतेक मुलं, आणि शिकवणारे आम्हीही, त्याच मॉर्निंग वॉकवाल्या घरांतले. आंतरराष्ट्रीय ग्रुपचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हा, की ज्याला जागा माहीत नाही तो मूर्ख प्रश्न विचारतो आणि त्याला त्याची लाज वाटत नाही.

मग आमची मुलगी जनवाडीत गेली. पहिल्यांदा नोंदवही घेऊन गेली तर लोक विचारायचे, मुन्शिपाल्टीतून आलीस का, सर्व्हे आहे का, घरं पाडणार का. वही पिशवीत टाकली. एका ओट्यावर एक आजी बसल्या होत्या, त्यांच्याशी झालेलं बोलणं तिने नंतर ग्रुपला इंग्रजीत सांगितलं, मी मराठीतलं रेकॉर्डिंग ऐकलंय.

"आजी, टेकडीवर जाता का हो तुम्ही?"

"जायचे की. आता गुडघे कुठं चालू देतात? पोरांना धाडते आवसेला, वेताळाला नारळ घेऊन."

"आणि तुम्ही इथल्याच का?"

"इथल्या कुठल्या! पानशेत फुटलं तवा आलो. नदीकडं घर होतं आमचं. मी एवढीशी होते. हितं काय नव्हतं बाई, नुसता माळ आणि टेकडी."

"आता टेकडीतनं रस्ता काढणार म्हणतात."

"काढू देत नाहीतर नको काढू देत. आमचं पाणी कधी दोन वेळा येणार ते इचार त्यांना."

१२ जुलै १९६१ चा पूर, पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं, आणि मग पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या त्यात गोखलेनगर-जनवाडी. आमच्या मुलीने हे शाळेत ऐकलेलं होतं पण टेकडीशी कधी जोडलं नव्हतं. टेकडीचा पायथा म्हणजे शहराने एकदा संकटात सापडलेल्या माणसांना दिलेली जागा, ही माहिती ग्रुपमध्ये आल्यावर चर्चा एकदम बदलली. आणि रस्त्याबद्दल वस्तीत एकमत अजिबात नव्हतं. एक रिक्षावाले दादा म्हणाले रस्ता झाला तर पौड रोडला जायला बरं, एक वहिनी म्हणाल्या पोरं खेळायला कुठे जातील, काहींना मोर्चाबद्दल ऐकून माहिती होतं पण ते आपलं नाही, सोसायटीवाल्यांचं, असं. हरकती आणि सूचना मागवतात, तुम्ही लिहून देऊ शकता, हे तिने जिथे जिथे सांगितलं तिथे लोकांनी विचारलं, कुठे द्यायचं? आपल्याकडे १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्यात हरकती-सूचना आणि सुनावणीची तरतूद आहे, पण ती वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या नोटिशीतून पोचते, म्हणजे पोचतच नाही.

पुढची पायरी मँटिओची. नॉर्थ कॅरोलिनातलं मँटिओ हे छोटं गाव, १९८० च्या आसपास पर्यटनासाठी किनारा विकसित करायचा होता आणि रँडॉल्फ हेस्टर या लँडस्केप आर्किटेक्टने आधी लोक रोज कुठे उठतात-बसतात ते बघितलं, मग लोकांनाच विचारलं की यातलं काय गेलं तर चालणार नाही. यादीत निघाली पोस्ट ऑफिस, साधं हॉटेल, पार्किंगची खडीची जागा, दलदल असल्या गोष्टी, ज्यातल्या बहुतेकांना कुठल्याही कायद्याचं संरक्षण नव्हतं. यादीला गावाची पवित्र रचना म्हणाले आणि नवा प्लॅन ती सांभाळून केला. आमच्या ग्रुपने हेच ऑनलाइन करायचं ठरवलं, उघड्या नकाशावर लोकांनी आपापल्या जागेवर टिंब टाकायचं आणि का ते लिहायचं. फिनलंडमध्ये आल्तो विद्यापीठात अशा पद्धतीवर खूप काम झालंय, सॉफ्टजीआयएस म्हणतात, त्यातूनच मॅप्शनेअर नावाचं टूल निघालं. लिंक व्हॉट्सॅपवर फिरली आणि दोन दिवसांत नकाशा टिंबांनी भरला, बघून नॉर्वेचा पोरगा जाम खूश. पण सगळी टिंबं माथ्यावर! सूर्योदय, मोर, शांतता, माझा बाक. खालच्या अंगाला कोरं. लिंक ज्या ग्रुपांवर फिरली त्या ग्रुपांचा तो नकाशा होता, टेकडीचा नव्हता. मग तिने ए-थ्री कागदावर मोठा प्रिंट काढला आणि वस्तीतल्या पोरांना स्केचपेन दिले. त्यात निघाल्या पतंग उडवायच्या जागा, क्रिकेटचं मैदान, शॉर्टकट, रात्री दिवा नसतो म्हणून भीती वाटते ती वाट, वनखात्याचा वॉचमन हाकलतो ती जागा, आणि संडासला रांग असली की काही बायका जातात तो कोपरा.

या टप्प्यावर कायद्यांची तुलना आली आणि ती मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगली झाली. नॉर्वेच्या मुलाने त्यांचा सगळ्यांचा हक्क समजावला, तिथे पडीक, रानातल्या जमिनीवर मालक कोणीही असो, कोणीही फिरू शकतं, १९५७ च्या कायद्यात लिहून ठेवलंय. त्याला पुण्याची टेकडी म्हणजे अशीच जागा वाटत होती. मग आमच्या मुलीने समाविष्ट तेवीस गावांच्या टेकड्यांचं उदाहरण दिलं, जिथे ९७८ हेक्टरवर बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, त्यात कितीतरी जमीन खाजगी, आणि मोबदला आठ टक्के टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. ज्यांच्या जमिनीवर शहराचं फुफ्फुस म्हणून हिरवा रंग पडला त्या शेतकऱ्यांना टेकडी कशी जाणवते? बुडापेस्टच्या मुलाने आऱ्हूस करार काढला, १९९८ चा, पर्यावरणाच्या बाबतीत माहितीचा, निर्णयात सहभागाचा आणि न्याय मागायचा असे तीन हक्क, आणि वर म्हणाला की आमच्याकडेही कागद भारी आहेत. कैरोची मुलगी या तासाला फारसं बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे नकाशावर घर दिसणं ही चांगली बातमी नसते.

ते वाक्य तेव्हा तसंच सोडून दिलं सगळ्यांनी, ते महागात पडता पडता राहिलं.

फायनल प्रेझेंटेशन म्हणून ग्रुपने सुनावणीचं नाटक केलं. नॉर्वेचा मुलगा महापालिकेचा इंजिनिअर, बुडापेस्टचा नगरसेवक, कैरोची मुलगी आजी आणि आमची मुलगी रस्ता हवा असलेला रिक्षावाला. हे तिने स्वतः मागून घेतलं, आणि मोर्चाला गेलेल्या मुलीने रस्त्याच्या बाजूने इतकं मुद्देसूद भांडावं हे बघताना मला खरंच बरं वाटलं. नगरसेवक प्रत्येकाला तुमच्या भावना वर पोचवतो म्हणत होता, बुडापेस्टमध्ये बसून त्याला हे वाक्य कुठून सापडलं देव जाणे. नाटकात थोडा फार्स झाला, वेळ संपली, निष्कर्षाच्या स्लाइड धावत उरकल्या, मार्क मात्र चांगले मिळाले असते.

मिळाले असते म्हणतेय कारण घोळ पुढे झाला. सेमिनारच्या नियमाप्रमाणे सगळं काम विकीवर सगळ्यांना दिसेल असं टाकायचं, गुणांच्या तक्त्यात त्यासाठी वेगळे गुण. नॉर्वेच्या मुलाने कागदी नकाशा डिजिटाइज करून ऑनलाइन टिंबांच्या थरावर चढवला होता. दिसायला अप्रतिम. अपलोड करायच्या आदल्या रात्री कैरोच्या मुलीने लिहिलं की उतारावरच्या झोपड्या, त्यांच्या वाटा, बायका जातात तो कोपरा, हे सगळं आपण बिनचूक अक्षांश-रेखांशांसह जगाला दाखवतोय, उद्या कोणी अतिक्रमण हटवायला हाच नकाशा वापरला तर? आमच्या मुलीला लगेच पटलं, तिला आठवला पहिल्या दिवशीचा प्रश्न, घरं पाडणार का. नॉर्वेच्या मुलाला पटेना. त्याचं म्हणणं, नकाशात नसलेल्या माणसांना प्लॅनमध्येही जागा मिळत नाही, आणि उघडेपणा हाच तर लोकशाहीचा पाया, लपवाछपवी सरकार करतं. दोन्ही बाजू बरोबर आहेत, आणि हा वाद कुठल्याही रीडिंग लिस्टमध्ये मला इतका जिवंत वाचायला मिळालेला नाही. रात्री एकपर्यंत चॅट चालला. शेवटी बुडापेस्टच्या मुलाने विचारलं की ज्यांची माहिती आहे त्यांना विचारलं का? तर नव्हतं विचारलं, निदान इंटरनेटवर टाकू का असं तरी नाहीच.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुलीने जाऊन विचारलं. पोरांनी पतंग आणि क्रिकेटच्या जागा दाखवा म्हणून सांगितलं, वर आमची नावं पण टाका म्हणाले (नावं टाकली नाहीत). मोठ्यांनी घरं आणि वाटा काढायला लावल्या. कोपऱ्याबद्दल एका वहिनींनी एवढंच म्हटलं, "तो दाखवू नको गं, पण संडास कमी पडतात हे लिही मोठ्या अक्षरात." तसंच केलं. विकीवर गेला तो अर्धवट नकाशा, पूर्ण नकाशाचा कागद वस्तीतल्या महिला मंडळाकडे ठेवला, डिजिटल फाइल ग्रुपने पुसून टाकली.

आणि उघडं प्रकाशन या रकान्यात त्यांचे गुण कापले गेले. दोन मेंटरनी तक्त्याप्रमाणेच गुण दिले, त्यांचं म्हणणं की एका ग्रुपला सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय. मी मेंटरांच्या मीटिंगमध्ये भांडले, कैरोच्या बाई माझ्या बाजूने होत्या, बाकीचे सभ्यपणे ऐकून घेत होते. गुण बदलले नाहीत. पुढच्या बॅचच्या तक्त्यात मात्र त्या रकान्याची ओळ बदलली, आता काय प्रकाशित केलं आणि काय मुद्दाम केलं नाही, आणि ते कोणाला विचारून ठरवलं, हे अर्ध्या पानात लिहायचं असतं. पहिल्या फेरीत बऱ्याच ग्रुपांनी ते अर्धं पान नुसतं भरायचं म्हणून भरलं, दोन-चार जणांनीच नीट लिहिलं. वर्गाची वेळ अजून युरोपच्या घड्याळानेच ठरते, पण आता सुरुवातीलाच सगळ्यांना सणवार आणि सोयीची वेळ विचारणारा एक फॉर्म जातो. जनवाडीत संडास वाढल्याचं अजून तरी ऐकलेलं नाही.